वाचक विचारतात : सरकारने रुग्णालय चालवावे की नुसते बिल भरावे?

सरकारी आणि पालिकेची रुग्णालये खासगी संस्थांच्या हाती देऊ नयेत, अशी भूमिका मागील अंकातील लेखात मांडली होती. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण इतर बऱ्याच वाचकांचा मूळ आक्षेप त्यात आलेला आहे.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. आयुष्यभर प्रामाणिकपणे आयकर भरला, पण सिव्हिल हॉस्पिटलची पायरी कधी चढलो नाही. सरकारने रुग्णालये चालवण्याचा आग्रह का धरावा? आता प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची योजना आहे. ज्याला जिथे जायचे आहे तिथे तो जाईल. माझी पुतणी इंग्लंडमध्ये असते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तिला वर्षाहून अधिक काळ थांबावे लागले. सरकारी आरोग्यसेवेची परिणती हीच असेल, तर ती हवी कशाला?
— एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, आणि या विषयावरचे बहुतेक वाद ते वेगळे न केल्यामुळेच होतात. उपचाराचे पैसे कोणी भरायचे, हा एक प्रश्न; रुग्णालय कोणी चालवायचे, हा दुसरा. इंग्लंडमध्ये ५ जुलै १९४८ रोजी आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा सरकारने दोन्ही जबाबदाऱ्या स्वतःकडे घेतल्या. पैसा करांतून आला आणि रुग्णालयेही सरकारच्या ताब्यात आली. कॅनडात पैसा सरकार देते, पण डॉक्टर बहुतांशी स्वतंत्र व्यवसाय करतात. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगारांसाठी सक्तीचा आजारविमा आणला, आणि मालक व कामगार यांच्या वर्गणीवर उभी असलेली ती रचना आजही टिकून आहे. अमेरिकेत १९६५ पासून वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आहे, इतरांचा विमा बहुधा नोकरीला जोडलेला असतो. तिथे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च होते आणि तरीही कोट्यवधी लोकांकडे विमा नाही. त्यामुळे ‘सरकारी आरोग्यसेवा’ असे एकच एक काही नसते. कोणत्या देशाने यातली कोणती जबाबदारी उचलली, हे पाहूनच तुलना करावी लागते.

आपल्या पुतणीचा अनुभव खरा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. इंग्लंडमध्ये अठरा आठवड्यांच्या आत उपचार सुरू करण्याचे उद्दिष्ट २०१६ पासून पूर्ण झालेले नाही, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये प्रतीक्षायादी ७७ लाखांच्या वर गेली होती. पण हेच उद्दिष्ट त्याआधी काही वर्षे याच व्यवस्थेने, याच सरकारी रुग्णालयांनी पूर्ण करून दाखवले होते, कारण त्या काळात आरोग्यावरचा खर्च भरघोस वाढवण्यात आला होता. पुढे हात आखडता घेतला आणि रांग वाढली. थांबावे लागले म्हणून आपल्या पुतणीला नक्कीच त्रास झाला असेल, परंतु शस्त्रक्रियेसाठी तिला डिपॉझिट भरावे लागले नाही किंवा दागिने गहाण ठेवावे लागले नाहीत, हेही त्याच व्यवस्थेचे वैशिष्ट्य आहे.

आता आपल्याकडच्या योजनेविषयी. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली. आणि पुढे राज्याने दोन्हींची सांगड घालून शिधापत्रिकेच्या रंगाची अट काढून टाकली. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस यांसाठी या योजनांनी असंख्य कुटुंबांना कर्जापासून वाचवले आहे, आणि त्या बंद कराव्यात असे मी कधीही म्हणणार नाही. परंतु हे कार्ड चालते ते रुग्ण दाखल झाल्यावर, आणि तेही यादीत असलेल्या उपचारांसाठी. आपल्या इमारतीत घरकाम करणाऱ्या बाईंना मधुमेह असेल, तर त्यांना दर महिन्याला गोळ्या लागतात, तीन महिन्यांनी रक्ततपासणी लागते, अधूनमधून डोळे आणि पाय तपासून घ्यावे लागतात. यातल्या एकाही गोष्टीसाठी त्या दाखल होत नाहीत, त्यामुळे कार्ड कपाटातच राहते. गोळ्या परवडत नाहीत म्हणून त्या दोन-दोन महिने बंद ठेवल्या, मूत्रपिंडे निकामी झाली आणि डायलिसिसची वेळ आली, की मग मात्र कार्ड लागू होते. आजार स्वस्तात आटोक्यात ठेवण्याची वेळ टळून गेल्यावर पैसे देणारी ही व्यवस्था आहे. जवळच्या दवाखान्यात मोफत गोळी देणारी व्यवस्था वेगळी असते, आणि ती कोणाला तरी रोज चालवावी लागते.

दुसरी अडचण अशी की कार्डाला रुग्णालय लागते. शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर रात्री साप चावला, तर कार्डावर कितीही लाख लिहिलेले असोत, सर्पदंशाची लस तासाभराच्या अंतरावर असली पाहिजे आणि ती देणारा डॉक्टर जागा असला पाहिजे. अशा ठिकाणी खासगी रुग्णालय निघत नाही, कारण तिथे व्यवसाय चालत नाही. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयच असते, नाहीतर काहीच नसते. २०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा शहरातही हेच दिसले. ठाण्यात बाळकुमच्या ग्लोबल हबमध्ये आणि नवी मुंबईत वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात खाटा मांडल्या त्या महापालिकांनी. सार्वजनिक यंत्रणा मोडीत काढली असती, तर त्या वेळी आदेश कोणाला दिला असता?

खर्चाचा मुद्दा आपण बँकेत काम केलेले असल्यामुळे आकड्यांतच मांडतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत, बाळंतपण वगळता, सरकारी रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाचा सरासरी खर्च ४,४५२ रुपये आणि खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये आढळला. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, म्हणजे आरोग्यखर्चाच्या सरकारी हिशेबानुसार, देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांनी थेट खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट मोठी आहे, पण शंभरातले चाळीस रुपये अजूनही लोकच आजारपणाच्या ऐन वेळी मोजत आहेत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये, म्हणजे साथीच्या काळातही, तो १.८४ टक्के होता. कोणाच्या पैसे देण्याच्या ऐपतीवर त्याचा उपचार अवलंबून राहू नये, असे देशाच्या आरोग्यव्यवस्थेची आखणी करण्यासाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्येच लिहून ठेवले आहे. त्या अहवालात दहा ते वीस हजार लोकवस्तीमागे पंचाहत्तर खाटांचे केंद्र असावे, अशी दूरच्या पल्ल्याची योजना होती. ती अव्यवहार्य आहे असे आजही म्हटले जाते, पण तिला पुरेसे पैसे देऊन पाहिले, असे कोणत्याही सरकारला म्हणता येणार नाही.

राहिला आपण पायरी न चढल्याचा मुद्दा, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्यासारखी लिहिता-बोलता येणारी, माहिती अधिकारात अर्ज करणारी, नगरसेवकाला फोन लावू शकणारी माणसे सरकारी रुग्णालयांतून गेल्या तीस-चाळीस वर्षांत निघून गेली. मागे राहिले ते हजेरी बुडवून रांगेत उभे राहणारे, ज्यांना तक्रार करायला दुसरा दिवस परवडत नाही. बंद पडलेले क्ष-किरण यंत्र महिनोन्महिने तसेच राहते याचे कारण मला यात दिसते. आपण उपचार कुठेही घ्या, परंतु जे रुग्णालय आपल्या करावर चालते त्याचा हिशेब मात्र जरूर मागा.

प्रश्न : १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी रुग्णालयात सगळे मोफत झाले, असे ऐकले होते. सासूबाईंना दम लागला म्हणून पालिकेच्या एका रुग्णालयात नेले, तर केसपेपरचे पैसे घेतले आणि तीनपैकी दोन औषधे बाहेरून आणायला सांगितली. त्याच ऑगस्टमध्ये कळव्याच्या रुग्णालयात एका दिवसात अठरा रुग्ण दगावल्याच्या बातम्या आम्ही वाचल्या होत्या. आमच्यासारख्यांनी विश्वास कशावर ठेवायचा?
— एक वाचक भगिनी, दिवा

उत्तर : ताई, आपली फसवणूक झाली असे नाही, पण निर्णय जाहीर करताना जे स्पष्ट करायला हवे होते ते झाले नाही. १५ ऑगस्ट २०२३ चा निर्णय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांपुरता आहे. म्हणजे ठाण्याचे सिव्हिल, उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, भिवंडीचे इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय, शहापूर आणि पनवेलची उपजिल्हा रुग्णालये, तसेच ग्रामीण रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचे, वाशी, नेरूळ आणि ऐरोलीची नवी मुंबई महापालिकेची, सायन आणि केईएम मुंबई महापालिकेची, जे. जे. वैद्यकीय शिक्षण विभागाचे. तो निर्णय यांपैकी कोणालाही लागू होत नाही, त्यांचे दर त्या त्या संस्था ठरवतात. दारावर ‘सरकारी’ म्हणून आलेल्या आजारी माणसाने आधी मालक कोण याचा शोध घ्यावा, ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि एका जिल्ह्यात एकच नियम असावा ही मागणी आपण सर्वांनी करायला हवी.

औषधांचे दुखणे जुने आहे. एका पालिका रुग्णालयाच्या औषधांच्या खिडकीजवळ उभे राहिले की ते डोळ्यांनी दिसते. फार्मासिस्ट केसपेपर हातात घेतो, लिहिलेल्या औषधांपैकी जे कपाटात आहे त्यावर बरोबरची खूण करतो, जे नाही त्याभोवती पेनने गोल काढतो आणि मान वर न करता ‘हे बाहेरून’ एवढेच म्हणतो. त्याच्याकडे नसलेले औषध तो देणार कुठून? रांगेतल्या माणसाचा राग त्याच्यावर निघतो आणि खरेदीच्या निविदेवर महिनोन्महिने सही न करणारा अधिकारी कोणाला दिसतही नाही. यावर उपाय सापडलेला नाही असे नाही. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले. ते घाऊक निविदा काढते, आलेल्या प्रत्येक खेपेचे नमुने तपासणीला पाठवते, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे ठेवते, आणि प्रत्येक रुग्णालयाला एक पासबुक देते. त्यात जमा असलेल्या रकमेपर्यंत रुग्णालय आपल्या गरजेप्रमाणे औषधे उचलते. महाराष्ट्राने २०१७ मध्ये ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली, त्यात दिरंगाईच्या तक्रारी झाल्या, आणि २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केले. सरकारी यंत्रणा मुळातच अकार्यक्षम असते, असे म्हणणाऱ्यांनी तमिळनाडूकडे पाहावे. तीही सरकारीच यंत्रणा आहे.

कळव्याच्या घटनेविषयी आपण लिहिले ते वाचताना मलाही तीच अस्वस्थता जाणवली. दगावलेल्यांपैकी अनेक जण अत्यवस्थ स्थितीत दाखल झाले होते, असे प्रशासनाने तेव्हा सांगितले होते, आणि राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. पाचशे खाटांचे ते रुग्णालय ठाणे शहराबरोबर दिवा, मुंब्रा, भिवंडी, शहापूर, मुरबाड इथल्या रुग्णांचा भार वाहते, आणि त्या काळात सिव्हिलची जुनी इमारत पुनर्बांधणीसाठी पाडल्यामुळे सिव्हिल रुग्णालय मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलेले होते. जुनी इमारत पाडण्यापूर्वी तिच्यातल्या रुग्णांची पुरेशी सोय दुसरीकडे झाली आहे का, हे पाहणे हे नियोजनाचे काम होते. त्याचे परिणाम वॉर्डातल्या परिचारिकेने आणि रुग्णांच्या नातेवाइकांनी भोगले. विश्वास ठेवा असे मी आपल्याला सांगणार नाही. सासूबाईंना पुन्हा दम लागला तर मात्र वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, ती सेवा मोफत आहे. आणि ‘बाहेरून’ म्हणून गोल केलेला केसपेपर फेकू नका, त्याची प्रत जोडून वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या व आपल्या प्रतीवर पोच घ्या.

प्रश्न : मी रबाळे एमआयडीसीत कंत्राटदाराकडे कामाला आहे. पगारातून दरमहा ‘ईएसआय’ कापतात. त्याचा नेमका उपयोग काय, हे कोणी सांगत नाही.
— एक तरुण वाचक, ऐरोली

उत्तर : ही कामगार राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली. दरमहा एकवीस हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांना ती लागू आहे. तुमच्या वेतनातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. त्या बदल्यात तुम्हाला आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला बाह्यरुग्ण तपासणीपासून शस्त्रक्रियेपर्यंत उपचार मिळतात. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळू शकते, आणि कामावर अपघात होऊन तात्पुरते अपंगत्व आले तर ९० टक्के. कंत्राटी कामगार म्हणून तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. कंत्राटदाराने वर्गणी भरली नाही, तर मूळ मालकावर ती जबाबदारी येते. तुमचा विमा क्रमांक वेतनचिठ्ठीवर आहे का, ते आजच पाहा आणि कुटुंबीयांची नावे त्याला जोडून घ्या. वाशीत आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये या योजनेची रुग्णालये आहेत. तिथल्या सोयींबाबत तक्रारी असतात हे खरे, पण हे पैसे तुमचे आहेत.

प्रश्न : वाशीत माझे लहान नर्सिंग होम आहे. सरकारी योजनांचे दर खर्चालाही पुरत नाहीत, आणि तेही महिनोन्महिने मिळत नाहीत. उद्या ‘आरोग्याचा हक्क’ म्हणून कायदा झाला, तर सरकार आपली जबाबदारी आमच्या गळ्यात मारेल आणि मार मात्र आम्हीच खाऊ. आपल्या लेखात आमची बाजू आली नाही.
— एक डॉक्टर, वाशी

उत्तर : डॉक्टर, दर आणि थकबाकी यांबाबतची आपली तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे. सरकार जर गिऱ्हाईक म्हणून खासगी सेवा विकत घेत असेल, तर त्याने वाजवी भाव ठरवून वेळेवर पैसे दिले पाहिजेत. उशीर झाला तर व्याज दिले पाहिजे. तसे झाले नाही की लहान रुग्णालये योजनेतून बाहेर पडतात आणि मोठी रुग्णालये फायद्याचे तेवढेच रुग्ण निवडतात. आपण नेमकी जी भीती व्यक्त केली आहे, तिचा इतिहासही आहे. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताने १ जुलै १९६२ रोजी सार्वजनिक आरोग्यविमा लागू केला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तेवीस दिवस संप केला होता. सरकार आपल्याला नोकर बनवील, अशी त्यांची धास्ती होती. शेवटी तडजोड झाली, डॉक्टर स्वतंत्र राहिले, सेवेनुसार शुल्क घेऊ लागले, आणि १९६६ मध्ये केंद्रीय कायदा होऊन ती पद्धत देशभर पसरण्याचा मार्ग मोकळा झाला. राजस्थानात मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्क कायदा झाला, तेव्हाही डॉक्टरांचे आंदोलन झाले, आणि सरकारी सवलत न घेतलेल्या पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांना वगळण्यावर तोडगा निघाला. म्हणजे वाटाघाटीने मार्ग निघतो, मात्र त्यासाठी डॉक्टरांच्या संघटनांनी कायद्याला सरसकट विरोध करण्याऐवजी त्याच्या मसुद्यावर बोलले पाहिजे.

मारहाणीचे समर्थन कोणत्याही परिस्थितीत होऊ शकत नाही. महाराष्ट्रात त्याविरुद्ध २०१० चा कायदा आहे, त्याची अंमलबजावणी कडक व्हावी. मात्र आपल्याशी एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये सुधारणा झाली, त्यानुसार प्रमुख सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. किती ठिकाणी तो फलक खरोखर दिसतो? दर आधी कळला, तर बिलाच्या वेळचा अर्धा वाद होणारच नाही. अतिदक्षता विभागात जीवलग असताना नातेवाईक भाव करू शकत नाहीत, आणि कोणती तपासणी आवश्यक आहे हे त्यांना समजण्याचा मार्गही नसतो. म्हणूनच या क्षेत्रात निव्वळ बाजार पुरत नाही आणि शेजारी एक चांगले चालणारे सरकारी रुग्णालय असावे लागते. त्याने आपला व्यवसाय बुडणार नाही. उलट ज्या रुग्णाला आपले बिल झेपणार नाही, त्याला निर्धास्तपणे पाठवण्याची एक जागा आपल्याला मिळेल.

प्रश्न : आईवर एका मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयात उपचार करायचे आहेत. तिथे गरिबांसाठी खाटा राखीव असतात असे कळले, पण चौकशी केली की ‘शिल्लक नाहीत’ असे सांगतात.
— एक वाचक, खारघर

उत्तर : महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. शिवाय एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. जमीन, कर आणि इतर सवलती घेतल्याच्या बदल्यात हे बंधन आहे, रुग्णालयाची ती मेहेरबानी नाही. तोंडी विचारू नका. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका जोडून रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांकडे लेखी अर्ज करा आणि नकार दिला तर तो कारणासह लिहून मागा. त्या दिवशी निर्धन रुग्णांच्या किती खाटा रिकाम्या आहेत, हेही अर्जातच विचारा. ते उत्तर घेऊन, किंवा उत्तर मिळाले नाही तर अर्जाची पोच घेऊन, जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांकडे जा. आपला भाग रायगड जिल्ह्यात येतो, त्यामुळे ठाण्याऐवजी रायगडच्या कार्यालयात चौकशी करावी. तातडीच्या रुग्णाला मात्र कागदपत्रे नाहीत किंवा डिपॉझिट भरले नाही म्हणून दारातून परत पाठवता येत नाही. अशा वेळी आधी दाखल करून घेण्याचा आग्रह धरा, कागदपत्रे नंतर देता येतात.